सरकारी घरांची दहा मजली इमारत: पाडायची की राखायची?

धागाकर्ता: आजूबाजूला दोन-तीन मजली घरं आणि मधेच सरकारी घरांची एक साधी दहा मजली इमारत, असं कितीतरी लहान शहरांत दिसतं. जरा जुनी झाली की "पाडून टाका" सुरू होतं. माझा त्याला ठाम विरोध आहे. पॅरिसमधली 'तूर ब्वा ल प्रेत्र' ही १६ मजली इमारत पाडायचं घाटत होतं. त्याऐवजी बाहेरच्या बाजूने काचबंद खोल्या आणि बाल्कन्या जोडल्या. २०११ मध्ये काम पूर्ण झालं, तेही रहिवाशांना न हलवता.

प्रतिसाद १: पॅरिसचा हिशोब लहान शहराला लावू नका. जिथे जमीन आहे तिथे उंच जायचंच कशाला? अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सरकारी घरांच्या प्रुइट-आयगो वसाहतीत ११ मजली ३३ इमारती होत्या. १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये पाडापाडी सुरू झाली.

धागाकर्ता: तिथे देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवायचा होता. भाडेकरू घटले, पैसा आटला, दुरुस्ती थांबली. लिफ्टही ठरावीक मजल्यांवरच थांबायची. सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींतही तसंच होतं, पण सरकारने पैसे घालून बहुतेक ठिकाणी ती प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी सोय केली. दोष उंचीचा कसा?

प्रतिसाद २: सिंगापूरची तिजोरी कुठे आणि लहान नगरपालिका कुठे! लिफ्टचा मेकॅनिक मोठ्या शहरातून येणार, सुटा भाग त्याहून उशिरा. तोवर आठव्या मजल्यावरच्या आजी दर जिन्याच्या वळणावर पिशवी टेकवून दम खात चढणार. डायलिसिसवरच्या माणसाने काय करायचं?

प्रतिसाद ३: आणि पाडल्यावर त्या आजींना घर कुठे मिळणार? गावाबाहेर. आज बाजार, दवाखाना चालत गाठता येतो. तिथे बससुद्धा धड नसते.

प्रतिसाद १: हा मुद्दा मान्य. पण 'दुरुस्ती' म्हटलं की सगळं सुरक्षित होत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला नूतनीकरणातच ज्वलनशील आच्छादन बसवलं होतं. २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. रहिवासी आधीपासून धोक्याबद्दल ओरडत होते, कोणी ऐकलं नाही.

धागाकर्ता: म्हणूनच दुरुस्तीच्या समितीत रहिवासी हवेत, आणि कोणतं साहित्य बसतंय ते विचारायचा, नको असेल तर अडवायचा त्यांना अधिकार हवा. दुसरी लिफ्ट आधी, रंगरंगोटी नंतर. यावर कोणाची हरकत असेल तर जरूर लिहा.