विषय: नाताळाच्या स्नेहभोजनासाठी रेड वाईन कोणती घ्यावी?

सदस्यहो, सप्रेम नमस्कार.

सुट्टीतील आपल्या स्नेहभोजनात यंदा मुख्य पदार्थ तीन आहेत: इथल्या रिवाजाप्रमाणे भाजलेली टर्की, औरंगाबादी नान खलिया (नान आणि मटणाचा तिखट रस्सा) आणि येळवस (मराठवाड्यातला मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण) त्याच सुमारास येत असल्याने शाकाहारी मंडळींसाठी भज्जी, म्हणजे त्या सणाची मिश्र भाजी. रेड वाईनच्या खरेदीचे काम माझ्याकडे आले आहे. दुकानदार कॅबर्ने सोव्हिन्यों सुचवतो, परंतु खलिया किती तिखट असतो हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. वाईन घेणारे साधारण बारा जण असतील. सध्या लातूरला मुक्कामी असलेल्या काकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

भोजन समितीतर्फे

---

सप्रेम नमस्कार.

दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही, मात्र तो भट्टीत भाजलेल्या, मसाला न लावलेल्या मांसासाठी आहे. द्राक्षाच्या साली-बियांतून वाईनमध्ये उतरणारे टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते आणि अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यावर आखडते तशी जीभ आखडते. मांसातील प्रथिने आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात, म्हणून तिथे कॅबर्ने शोभते. आपल्या रश्शात मिरची आडवी येते. तिखटाने पोळलेल्या जिभेला टॅनिन अधिक कडू आणि अल्कोहोल अधिक जळजळीत लागते. तेव्हा वाईन मांस पाहून नव्हे, मसाला पाहून निवडावी.

गेल्या हिवाळ्यात संभाजीनगरला (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येते) व्याह्यांकडे हे प्रत्यक्ष करून पाहिले. येताना विमानतळावरच्या दोन लिटरांच्या सवलतीत दोन बाटल्या आणल्या होत्या: एक साडेचौदा टक्के अल्कोहोलची कॅबर्ने आणि एक साडेबारा टक्क्यांची बोजोले, जी गामे नावाच्या द्राक्षापासून करतात. नानचा तुकडा लाल तर्रीत बुडवून खाल्ला आणि वर कॅबर्नेचा घोट घेतला, तर ती उकळून काळ्या झालेल्या चहासारखी लागली. फळाचा स्वाद कुठल्या कुठे गेला आणि व्याह्यांनी पाण्याचा तांब्या मागवला. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बोजोले मात्र त्याच तर्रीपुढे रसाळ राहिली. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे. तुमच्या हीटर लावलेल्या सभागृहात हलकी रेड वाईन तेरा-चौदा अंशांवरच द्या.

बोजोले घेताना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी नूवो घेऊ नका, खलियापुढे ती फारच पातळ पडते. लेबलवर ‘व्हिलाज’ लिहिलेली पाहा. टर्कीचे मांस मुळात कोरडे असते आणि जड टॅनिनने ते आणखी कोरडे वाटते, म्हणून तिला पिनो न्वार ही कमी टॅनिनची रेड वाईन द्यावी. सोबतचा क्रॅनबेरीचा गोड सॉस बेताने वाढावा, कारण गोडाच्या घासानंतर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन कडवट लागते.

भज्जीच्या पानावर वाईन ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतात पांडवांना दाखवलेला तो नैवेद्य, हे एक कारण झालेच; शिवाय सोबतच्या आंबिलीच्या आंबटपणापुढे कुठलीही रेड वाईन मिळमिळीत लागते. त्या पानाला आंबीलच पुरे.

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच पेले होतात. बारा जणांना दोन-दोन पेले धरले तर पाच बाटल्या लागतील. सहा आणाव्यात: चार बोजोले, दोन पिनो न्वार.

आपला,
मूळचा औसेकर

---

काकांना सादर नमस्कार.

एका मुद्द्यावर नम्र मतभेद आहे. शिराझ या रेड वाईनमध्ये मिऱ्यासारखा गंध असतो आणि तो काळ्या मसाल्याशी चांगला जुळतो, असा आमच्या घरचा अनुभव आहे. खलियात तिखट थोडे कमी घातल्यास शिराझही चालू शकेल.

एक नांदेडकर सभासद

---

सप्रेम नमस्कार.

गंधाविषयी आपले म्हणणे मान्य आहे. शिराझची एक बाटली जरूर आणावी आणि जेवणापूर्वी कबाबांसोबत उघडावी. खलियातले तिखट मात्र कमी करू नये.

औसेकर