बँकेचं सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून तो घरी ठेवावा का?

ऐरोली_अपडाऊन
रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे–ऐरोली. फोन महागाचा, आणि बँक, आधार, यूपीआय सगळं त्यातल्याच सिमवर. पंधरा-अठरा हजारांचा दुसरा फोन घेऊन हे सिम त्यात टाकायचं आणि तो घरीच ठेवायचा विचार आहे. ऑफिसात ओटीपी लागला तर? व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडे चालेल? पडून राहिलेल्या फोनची बॅटरी टिकते का?

तीनहातनाका
विचार बरोबर आहे. लोकलच्या गर्दीत फोन गेला की खरी पंचाईत सिमची होते. डुप्लिकेट सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे ओटीपी नाही, आणि नव्या हँडसेटवर यूपीआयही नाही, कारण त्याची नोंदणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसवरच होते.

वाटखर्चासाठी दुसऱ्या नंबरवर वेगळं बचत खातं उघडा आणि बाहेर न्यायच्या फोनवर फक्त त्याचंच यूपीआय ठेवा. रिक्षा, चहा, जेवण यांपुरते पैसे त्यात टाकत जा. यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीची यूपीआयची सोय) लावलंत तर १००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, शिल्लक मात्र ५०००च्या वर ठेवता येत नाही. पिन नाही म्हणजे भिस्त स्क्रीन लॉकवर, तेव्हा चार आकडी जन्मसाल वगैरे नको.

ऑफिसातल्या ओटीपीचं म्हणाल तर काही बँका तो ईमेलवरही पाठवतात, आपली पाठवते का विचारा. एसएमएस फॉरवर्ड करणारी अ‍ॅप्स अजिबात टाकू नका. सगळे ओटीपी वाचायची परवानगी परक्याला देऊन वर सुरक्षेसाठी दुसरा फोन घ्यायचा, याला काय अर्थ आहे? कॉल फॉरवर्डिंगचाही उपयोग नाही, त्यात फक्त कॉल वळतात.

घोडबंदर_रोड
रिचार्ज विसरू नका, घरातल्या सिमचा हमखास राहतो. व्हॅलिडिटी संपली की एसएमएस जात नाही आणि यूपीआयची नोंदणी नेमकी तिथेच अडते. घरी वायफाय असेल तर डेटा कशाला? फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन जानेवारी २०२५ पासून मिळतात. महिन्यातून एकदा त्या सिमवरून एक कॉल करा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो.

कोपरखैरणे_सेक्टर
व्हॉट्सअ‍ॅप: दुसऱ्या फोनवर अ‍ॅप टाका, नंबर विचारला की तो न भरता वरच्या तीन टिंबांतून दुसरं डिव्हाइस म्हणून जोडायचा पर्याय घ्या. क्यूआर दिसेल, तो पहिल्या फोनच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन करा. अशी चार डिव्हाइस जोडता येतात. पहिला फोन १४ दिवस ऑफलाइन राहिला तर सगळी सुटतात.

बॅटरी: चार्जर कायम लावून ठेवणं हेच तिला मारतं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावा, नसेल तर ४० ते ८०च्या मध्ये खेळवा. सेट-टॉप बॉक्सवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. अधूनमधून स्क्रीनच्या कडेने नख फिरवून बघा. एका बाजूला फट लागली किंवा पाठ फुगीर वाटली तर चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून बसवायला जाऊ नका, थेट सर्व्हिस सेंटर.

ऐरोली_अपडाऊन
वायफायचं लक्षात आलं नव्हतं, आभार. वाशी सेक्टर १७ला बघायला जातोय. दुकानात काय तपासू?

तीनहातनाका
रॅम, कॅमेरा सोडा. सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख बघा आणि अपडेट अजून किती वर्षं मिळणार ते विचारा. तीन वर्षांहून कमी असतील तर घेऊ नका. अँड्रॉइड जुनं झालं की बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग) चालू असले तरी काही बँकांची अ‍ॅप्स अडतात, तेव्हा डेमो पीस किंवा सेकंडहँड असेल तर फॅक्टरी रीसेट करूनच घ्या. *#०६# दाबून आलेले दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) बिलाशी जुळवा आणि बिलाचा फोटो दुसऱ्या फोनमध्ये ठेवा. उद्या चोरी झाली तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करताना पोलिस तक्रारीसोबत हेच आकडे लागतात.