रिकव्हरी डीव्हीडी तीन, मधली बुरसटलेली. कॉम्प्युटर कसा उठवावा?

ओटीवरची

नमस्कार. आमचं घर वेळणेश्वरच्या अलीकडे, समुद्र चालत दहा मिनिटांवर. घरात २०११ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज ७ होम बेसिक, दोन जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. हसू नका, त्याच्यावर आमचा आंब्याचा सगळा कारभार आहे. पुणे-ठाणे-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाला पाच डझनी पेटी लागते, कोणाकडे साखर निघाल्यापासून दोनच डझन जातात, कोणाच्या पेटीत मागच्या वर्षी साका निघाला म्हणून यंदा चार फळं जास्त घालायची आहेत, दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), सगळं. शिवाय सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, दोन बोटांनी टाइप केलेला कुळवृत्तांत आहे, १४० पानं. अप्पा आता ८४ वर्षांचे आहेत. परत टाइप करा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?

झालं असं. जूनमध्ये गडगडायला लागलं तशी मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरची पिन उपटून ठेवली. लाइट गेली ती चौथ्या दिवशी आली. त्यानंतर सुरू केला तर काळ्या पडद्यावर एफ वन दाबा म्हणतो. दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं, निळं काहीतरी चमकतं आणि गाडी परत पहिल्या फाटकावर. घड्याळ १ जानेवारी २०१० दाखवतंय, पण ते असो. आपोआप दुरुस्तीचा पर्याय तीनदा चालवला, तिन्ही वेळा 'जमत नाही' असं उत्तर आलं. तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला तर त्याने पेटी उघडायच्या आधीच सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटाचं काय खरं नाही." उचलून घरी आणला.

आता डिस्कांचं. २०११ मध्ये हा कॉम्प्युटर रोज 'रिकव्हरी डिस्क करून ठेवा' म्हणून भुणभुण करायचा. अप्पांनी वैतागून तीन कोऱ्या डीव्हीडी आणवल्या आणि एका दुपारी करून टाकल्या. वर मार्करने १/३, २/३, ३/३. बिस्किटांच्या डब्यात, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर. पहिली घातली तर चालली, पण पुढे पाटी आली की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि बटण दाबून बंद केलं. दुसरीवर बाहेरच्या कडेने तुळशीच्या पानाएवढा पांढुरका डाग आहे, बुरशीसारखा. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरा येतो, तर डिस्कची काय कथा. तिसरी ठीक दिसते.

विचारायचं एवढंच: डिस्का चालवल्या तर अप्पांची पानं जाणार का? आणि तो डाग कशाने पुसू?

झटपट

एवढी जुनी मशीन कशाला सांभाळताय? विंडोज ११ टाकून मोकळं व्हा.

पेचकस, चिपळूण

झटपटराव, विंडोज ११ ला चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं. ताईंकडे दोन्ही नाही. असो.

ताई, बटण दाबून बंद केलंत ते फार बरं केलंत. कंपनीच्या रिकव्हरी डिस्का म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्या कॉम्प्युटर दुकानातून आला त्या दिवसासारखा करतात. काही फक्त सी ड्राइव्ह पुसतात, काही अख्खी डिस्क. पानं त्यात जाणारच. तेव्हा डबा तूर्त बंद करून ठेवा.

तुम्ही 'ते असो' म्हणून जे सोडून दिलंत ना, मला तिथेच खोट दिसते. घड्याळ २०१० वर गेलं म्हणजे मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली. तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. पिन लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे बॅटरी मेलेली कळतही नाही. तुम्ही पिन काढलीत, चार दिवस लाइट नव्हती, आणि बायोसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधल्या, सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. पिन काढणं चूक नव्हतं हो, वीज पडली असती तर बोर्डच गेला असता.

त्या नोंदींमध्ये एक असते साटा मोड, म्हणजे बोर्डाने हार्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते: आयडीई किंवा एएचसीआय. कारखान्यात विंडोज ज्या मोडवर बसवलं, त्याचाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम) ते सुरुवातीला उचलतं. बोर्ड परत मूळ नोंदीवर जाऊन मोड बदलला की विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. घर तेच, फक्त कुलूप बदललं. खात्री करायची तर सुरू होताना एफ ८ दाबत राहा. यादीत आपोआप रीस्टार्ट बंद करण्याचा पर्याय आहे, तो घ्या. निळा पडदा थांबेल. त्यावर शून्यांच्या शेवटी ७बी दिसलं तर बहुतेक हेच.

पण त्याच्याही आधी पानं बाहेर काढा. दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) एक्सएफसीई आवृत्ती रुफस नावाच्या प्रोग्रामने चढवून घ्या. तुमच्या मशीनवर पेनड्राइव्हवरून सुरू करा, 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. तुमचे फोल्डर तसेच्या तसे दिसतील, ते बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्यात 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आहे, त्यातला स्मार्ट अहवालही (डिस्कची तब्येत सांगणारा) बघून ठेवा.

२०२१ च्या २२ जुलैला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, त्यानंतर दोन महिने मी चिखलातून काढलेल्या डिस्का पुसत बसलो होतो. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी नक्कल, मग डोकं, शेवटी स्क्रूड्रायव्हर.

तारकर्लीचो

ताई, ती दुसरी डिस्क फेकू नकात हां. डाग वरच्यावर असेल तर जाता.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, लिहिलेलं मधे असतं. उजेडाकडे धरून तिरकी फिरवा. डाग पृष्ठभागावर असेल तर नखाने खरखर लागेल. चकत्यांच्या मधे ओल शिरली असेल तर कडेपासून ढगासारखं आत पसरलेलं दिसेल, त्याला इलाज नाही. पुसताना साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, चष्म्याचं मऊ फडकं. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. डिस्क फिरते तशी वाचणाऱ्या किरणाची वाट गोल असते, गोल ओरखडा त्या वाटेतच येतो. नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर प्लास्टिक पांढरं पडेल आणि मगे माका सांगू नकात.

आणि डीव्हीडी आतून बाहेर वाचतात. तुमचा डाग बाहेरच्या कडेला, म्हणजे अडली तर शेवटी शेवटी अडेल. पुसून झाल्यावर लिनक्समध्येच डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून वाचेल तेवढं काढणारा प्रोग्राम) वापरून तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, काढा. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला कधी कधी येतं, आणि मॅप फाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) ठेवलात तर तो प्रोग्राम उरलेल्याच जागा वाचतो.

शिवाय ह्या डिस्का तुमच्या हार्ड डिस्कवरच्याच एका छोट्या पार्टिशनमधून (वेगळ्या कप्प्यातून) केलेल्या असतात. लिनक्समध्ये १०-१५ जीबीचं 'रिकव्हरी' नावाचं काही दिसतं का बघा. असेल तर दुसऱ्या डिस्कचं फारसं अडणार नाही.

ओटीवरची

पेचकसदादा, ७बी च आहे. मोबाइलवर फोटो काढला.

भाच्याकडून पेनड्राइव्ह करून घेतला. पहिल्यांदा सुरूच होईना, कारण बायोसमध्ये अजून डीव्हीडीचा नंबर आधी होता. मग सापडलं. पत्ते, पट्ट्या, फोटो सगळं उतरलं. पण कुळवृत्तांत उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि स्वल्पविराम. अप्पांना दाखवायचं धाडस झालं नाही. फाइल खराब झाली का?

आणि स्मार्टमध्ये 'रीॲलोकेटेड सेक्टर' समोर १,३२० लिहिलंय. चांगलं की वाईट?

पेचकस, चिपळूण

फाइल ठणठणीत आहे. तेव्हाचे मराठी प्रोग्राम इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' आहे, ते अख्खं उतरवून घ्या. विसरू नका, लोक फाइल घेतात आणि फॉन्ट पुसतात.

१,३२० वाईट. डिस्कने तेवढे तुकडे निकामी ठरवून जागा बदलली आहे. सुरू झाली तरी तिच्यावर विसंबू नका.

आता बॅटरी बदला. घड्याळवाल्याकडेही मिळते. पिन काढून, धातूला हात लावून मग पेटी उघडा. बॅटरीची खालची पत्ती गंजली असेल तर खोडरबराने घासा, समुद्राकाठी गंजतेच. बायोसमध्ये तारीख लावा, साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा, सेव्ह करा.

ओटीवरची

उठला!!

पत्ती हिरवी पडली होती. खोडरबर नातवाच्या कंपासातलं. मोड आयडीईच होता. एएचसीआय केलं आणि अप्पांच्या पडद्यावरचं गणपतीचं चित्र आलं. कुळवृत्तांत मराठीत उघडला, लगेच पीडीएफ करून तीन ठिकाणी ठेवला.

पण डिस्क कट्-कट् वाजते आहे. नवी घालायची तर विंडोज त्या डीव्हीडींवरूनच टाकावं ना? रिकव्हरीचं पार्टिशन दिसतं, पण त्यातली एक मोठी फाइल उतरवताना चूक दाखवतो. बहुतेक त्या १,३२० पैकी काही तिथेच.

तारकर्लीचो

मगे आता डबा उघडा. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, केबल लावलेलीच नको. एक चूक करू नकात: २४० जीबीची स्वस्त एसएसडी (फिरती चकती नसलेली नव्या पद्धतीची डिस्क) घेऊ नकात. मूळ डिस्कपेक्षा नवी लहान असली तर बऱ्याच कंपन्यांच्या रिकव्हरी डिस्का अडून बसतात. ५०० किंवा वरची घ्या.

ओटीवरची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, मधे भाताची लावणी होती.

५०० ची एसएसडी घातली. दुसरी डिस्क साबणाने पुसून पंख्याखाली वाळवली. डाग नखाला लागत होता, बहुतेक निघाला, कडेला अर्धं तांदळाएवढं राहिलं. आमच्या ड्राइव्हवर इमेज ९७ टक्क्यांवर अडली. शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपवर तीच मॅप फाइल घेऊन बसले, तासाभराने उरलेलं आलं. कोऱ्या डीव्हीडीवर नवी २/३ लिहिली.

मग पहिली घातली. तीच पाटी: सगळं पुसलं जाईल. या वेळी नव्या डिस्कवर पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी एंटर दाबताना हात थांबला. दुसरी मागितली, दिली. तिसरी मागितली. मग चार वेळा आपोआप बंद-चालू झाला. मधे लाइट जाऊ नये म्हणून मी इन्व्हर्टरवर फ्रिज आणि पंखे बंद करून बसले होते, घरचे घामाने निथळत. सव्वा तासात २०११ चा कॉम्प्युटर पुढ्यात. तेव्हाचा मुदत संपलेला अँटीव्हायरस, नको ते खेळ, सगळं जसंच्या तसं.

फॉन्ट परत टाकले, पानं आणि पत्ते आणले. अप्पा बसले, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "पान बाराव्यावर माझ्या चुलत्याचं साल चुकलंय, ते आजच दुरुस्त करतो." त्यांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, बॅटरी बदलल्याची तारीख आणि खाली 'साटा: एएचसीआय'.

इंटरनेट लावू का?

पेचकस, चिपळूण

नको. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली, क्रोमही १०९ च्या पुढे त्यावर चालत नाही. हिशेब आणि पानं तिथे, ईमेल मोबाइलवर. नेण्या-आणण्याला पेनड्राइव्ह.

ओटीवरची

बरं, वायर काढली. तिन्ही डिस्कांच्या इमेज पुण्याला मुलीकडे दिल्या, तिकडे बुरा येत नाही. आता प्रिंटर कागद ओढतो पण छापत नाही. त्याचा वेगळा धागा काढते.