गाणारी मंडळी, तुमचा वृंद कसा जमला?

भजनी मंडळ, चर्चचा क्वायर, शाळेचं समूहगान, परदेशातला कोरस, कुठेही गात असाल तर लिहा. सूर जुळवायला गुरुजी असतात, माणसं कशामुळे जुळली? ‘संगीत माणसांना जोडतं’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. नेमकं काय केलंत ते हवंय.

डोंबिवलीहून
आमच्या महिला भजनी मंडळात भांडण व्हायचं ते पट्टीवरून. साठीपुढच्या बायकांना काळी पाच (पेटीची उंच पट्टी) झेपेना. वरच्या सुराला त्या नुसते ओठ हलवायच्या, मग हळूहळू यायच्याच बंद झाल्या. पेटीवालीने सरळ खालची काळी तीन धरली. तरुण मुली कुरकुरल्या, पण गेलेल्या परत आल्या. शिवाय अभंग सांगायची पाळी लावली. एकीने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलायचं. गळा बेताचा असला तरी पाळी चुकत नाही. स्पर्धा आली की मात्र ठरलेल्याच दोघी पुढे बसतात आणि वातावरण तापतं. स्पर्धांना जाऊच नये असं माझं मत. मंडळात कुणाला पटत नाही.

वसईहून
आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, गीतंही मराठीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषा आली, त्याआधी आजीची पिढी लॅटिन ऐकायची. लोकांना वाटतं क्वायर नाताळात रंगतो. रंगतो खरा, पण तो बांधला जातो पवित्र आठवड्यात, ईस्टरच्या आधीच्या. गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की आमचा कीबोर्ड बंद, तो थेट ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियाला सुरू. मध्ये नुसते गळे. एरवी कीबोर्डमागे लपणारे तेव्हा उघडे पडतात, पट्टी नकळत उतरायला लागते, आणि शेजारच्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. श्वासही वाटून घेतो. मी ओळीच्या मध्ये घेते, शेजारीण शेवटी, म्हणजे सूर तुटत नाही. दम्याचे एक काका आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना लांब दमाची माणसं उभी करतो. याबद्दल कुणी कधी बोललेलं नाही. काकांना ठाऊक आहे.

पुण्याहून
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने काहीही होत नाही. शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं. आमचं जे काही जमलं ते तालमीनंतर अमृततुल्यात.

श्टुटगार्टहून
इथे आमचा क्वायर म्हणजे रीतसर नोंदलेली संस्था. वर्गणी, खजिनदार, वार्षिक सभा, थेट आपलं गणेश मंडळ! जर्मन धड येत नव्हतं तेव्हा गेलो. मला पहिलं काम मिळालं ते खुर्च्या मांडायचं. माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका असायच्या. खुर्च्या लावता लावता त्यांनी माझ्याकडून बाख या जर्मन संगीतकाराच्या गाण्यांतल्या ओळींचे उच्चार घोटून घेतले. अधूनमधून शनिवार-रविवार गावाबाहेर राहून तालीम होते. तिथे भांडी घासायला पाळ्या असतात, आमचे संचालकही सुटत नाहीत. कार्यक्रमाच्या मध्यंतरात आम्हीच केलेले केक विकतो. मी एकदा नारळाच्या वड्या नेल्या, आता दरवर्षी मागणी असते.

मुंबईहून
वरचं सगळं वाचलं, छान आहे. पण आमचं दुखणं वेगळंच. चार भागांत गातो. सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) ढीगभर, टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) दोन, त्यातला एक ऑडिटच्या दिवसांत गायब. मग ऑल्टोमधल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजातल्या, दोघी टेनरची ओळ गातात आणि पुरुषांना टोमणे मारतात. माणसं कशी जुळतात ते सावकाश बोलू. टेनर कुठून आणता, तेवढं आधी सांगा.