कोहेनचं ‘हालेलुया’ मिस्सेत का नको?

वसईकरीण:
गेल्या महिन्यात भाचीचं लग्न झालं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी कॅनडाचा गायक-कवी लेनर्ड कोहेन याचं ‘हालेलुया’ गायचं तिच्या फार मनात होतं. क्वायरने, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाने, महिनाभर तालीम केली. चार दिवस राहिले असताना फादर म्हणाले, हे भक्तिगीत नाही, मंडपात म्हणा. आम्ही ऐकलं, मंडपात म्हटलं. पण मन मानत नाही.

मला त्या गाण्यात माझा धर्म दिसतो, तोही ओढूनताणून नाही. पहिल्याच कडव्यात संगीताने देवाला रिझवणारा बायबलमधला दावीद राजा आहे. मग गच्चीवर न्हाणारी बाई येते, म्हणजे बथशेबा, जिच्यापायी दावीद परस्त्रीगमनाच्या पापात पडला (बायबल, २ शमुवेल, अध्याय ११). पाठोपाठ केस कापले जातात, तिथे केसांत बळ असलेला शमशोन आणि त्याला दगा देणारी दलीला. दावीद आणि शमशोन, दोघेही देवाने निवडलेले आणि दोघेही घसरलेले. नाथान संदेष्ट्याने पाप तोंडावर सांगितल्यानंतरचं दाविदाचं स्तोत्र म्हणून आपण ५१वं स्तोत्र म्हणतो. देवाला होमबली नको, भंगलेलं हृदय हवं, असं त्यात आहे. कोहेन ज्या भंगलेल्या हालेलुयाबद्दल गातो, ते मला याहून वेगळं वाटत नाही.

कोपऱ्यातला श्रोता:
ताई, तुम्ही या गाण्याचा कुठला पाठ बसवला होता? सगळं त्यावर आहे. कोहेनच्या १९८४च्या तबकडीत चारच कडवी आहेत. शेवटच्यात तो गाण्याच्या प्रभूपुढे उभा राहतो आणि ओठांवर हालेलुयाशिवाय काही उरत नाही. १९९१मध्ये जॉन केल या गायकाने ते गाणं घेतलं तेव्हा कोहेनने त्याला फॅक्सवर ढीगभर कडवी पाठवली. केलने दावीद ठेवला, हे शेवटचं कडवं गाळलं आणि शेजघरातली, दुरावलेल्या प्रेमाची कडवी घातली. १९९४मध्ये गायक जेफ बकली केलच्याच वाटेने गेला. आज लग्नांत बहुधा तेच ऐकू येतं. त्यात देव ‘असेलही कदाचित’ इतकाच उरतो. नवरानवरी कम्युनियनला उभी असताना प्रेमाच्या पराभवाचं गाणं? मी फादरांच्या बाजूने आहे.

वसईकरीण:
आम्ही बकलीचाच पाठ बसवला होता. हे आधी कळायला हवं होतं. पण दावीद-बथशेबा हीदेखील शेजघराचीच गोष्ट आहे ना? बायबलने ती लपवली नाही.

अनामिक ७१:
मला वेगळंच खटकतं. कोहेन माँट्रियलच्या ज्यू घरात जन्मला, १९३४ साली. पुढे झेन बौद्ध भिक्षू झाला तरी ज्यू असणं त्याने कधी सोडलं नाही. हालेलुया हा हिब्रू शब्द आहे, अर्थ याहवेची, म्हणजे देवाची, स्तुती करा. दावीद आणि शमशोन आधी त्याच्या आजोबांच्या ग्रंथातले. गाण्यात येशूचं नाव कुठेही नाही. तरी आपण सहज ‘ख्रिस्ती अर्थ’ म्हणतो. दुसऱ्याच्या घरातला दिवा उचलून आपल्या देव्हाऱ्यात ठेवायचा तर निदान तो कुणाचा हे सांगायला हवं.

नगरी:
मग कवी ना. वा. टिळकांचं काय करायचं? १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस म्हणाला की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंग आणि कीर्तन हे त्यांनी चर्चमध्ये आणलं. त्यांची गीतं आम्ही आजही ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातून म्हणतो. माझी आजी टाळ वाजवून म्हणायची. त्याच्याही आधी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. उसनवारी बंद केली तर मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी गाणंच उरणार नाही. अर्थ ऐकणाऱ्याच्या हृदयात तयार होतो, गाणं कुणाच्या का घरचं असेना.

पायीवारी:
नगरी, तुमच्या आजीबद्दल आदर आहे, पण थोडं थांबा. आमच्या घरी वारी चार पिढ्यांची आहे. टिळक ‘पूल’ म्हणाले. पूल ओलांडून पलीकडे जातात. तुकोबांचा अर्थ ख्रिस्ती आहे, असा दावा त्यात नाही. त्यांनी छंद घेतला आणि शब्द स्वतःचे लिहिले. ते मला मान्य आहे, आवडतंही. पण कुणी अभंग तोच ठेवून ‘यातला पांडुरंग म्हणजे खरं तर येशू’ म्हणू लागला, तर मला दुखतं. विठ्ठल विटेवर उभा आहे, त्याला तिथून हलवू नका. कोहेनच्या गाण्यालाही हाच न्याय लावा.

वसईकरीण:
पायीवारी, हे लागलं. बरोबर आहे तुमचं. मी ‘हे ख्रिस्ती गाणं आहे’ म्हणत होते. ‘हे गाणं मला ५१व्या स्तोत्रापर्यंत नेतं’ एवढंच म्हणायला हवं होतं. तो दावा मात्र मी सोडणार नाही.

ऑर्गनवाला:
तीस वर्षं क्वायरला साथ करतोय. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) रात्रीपर्यंत आपल्या मिस्सेत आलेलुया, म्हणजे हाच हालेलुया, म्हणत नाहीत. तो शब्द जपून ठेवायचा असतो. ज्या गाण्यात तो दर कडव्याला येतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा, ते मी उपासनेत वाजवणार नाही. घरी मात्र रोज ऐकतो.

वसईकरीण:
काका, इतक्या दिवसांनी त्या रात्री तो शब्द परत येतो तेव्हा दरवर्षी माझा आवाज फुटतो. पुढच्या ओळी शेजारची बाई सांभाळून घेते. कोहेन ऐकताना मला तोच फुटलेला आवाज ऐकू येतो. फादरांना पुन्हा विचारणार नाही. पण भाचीला ५१वं स्तोत्र मराठीत चालीवर हवंय. तुम्ही बसवून द्याल का?

ऑर्गनवाला:
रविवारी मिस्सेनंतर थांब. काळी चार लावून बघू.