अँडी गोरम: फुटबॉलचा गोलकीपर आणि क्रिकेटरही?

डावखुरा११: कुठेतरी वाचलं की स्कॉटलंडचा अँडी गोरम देशाकडून फुटबॉल पण खेळला आणि क्रिकेट पण. खरंच का? आणि कीपर म्हणून नक्की किती भारी होता, की रेंजर्स क्लबवाले (ग्लासगोचे) आपले उगाच डोक्यावर घेतात?

गोलपोस्टमामा: खरं आहे रे. डावखुरा बॅट्समन, उजव्या हाताने मीडियम पेस टाकायचा, आयर्लंडविरुद्ध फर्स्ट क्लास मॅच पण खेळलाय. मग १९९१ मध्ये हिबर्नियन (हिब्ज) या स्कॉटिश क्लबकडून १० लाख पाउंडात रेंजर्सला आला आणि तिथे मॅनेजर वॉल्टर स्मिथने सांगितलं की आता क्रिकेट बास, एवढे पैसे मोजून घेतलेला कीपर बोट मोडून बसला तर काय करायचं! जन्म मात्र इंग्लंडमधला, बरी गावचा, बाप पण गोलकीपरच. उंची सहा फुटाच्या आतच, म्हणजे कीपरच्या मानाने बुटकाच म्हणायचा, त्यात गुडघे कायम दुखरे. पण स्ट्रायकर एकटा समोर आला की हा लगेच खाली पडायचा नाही, शेवटपर्यंत उभा राहायचा आणि समोरच्यालाच घाई करायला लावायचा. माझ्या मते त्याचं खरं स्किल हेच, डाइव्ह वगैरे नंतर. आणि हो, १९८८ मध्ये हिब्जकडून मॉर्टनविरुद्ध आपल्या बॉक्समधून लांब किक मारून गोल पण केलाय त्याने 😄

हाफटाइम_चहा: उगाच नाही डोक्यावर घेत. १९९२-९३ बघ. लीड्स तेव्हा इंग्लंडचे चॅम्पियन, रेंजर्सने त्यांना दोन्ही लेगमध्ये (घरची आणि बाहेरची मॅच) २-१ ने हरवलं, आणि लीड्सच्या एलँड रोड मैदानावरच्या मॅचमध्ये गोरमने जे काही अडवलंय ते शोधून बघच. त्या सीझनला चॅम्पियन्स लीगमध्ये रेंजर्स एकही मॅच हरले नाहीत. रेंजर्सचे कट्टर प्रतिस्पर्धी सेल्टिक, त्यांचा मॅनेजर टॉमी बर्न्स तर म्हणाला होता की माझ्या थडग्यावर लिहा, अँडी गोरमने माझं हृदय मोडलं. समोरच्या टीमचा मॅनेजर असं बोलतो म्हणजे बघ.

कोपरा_किक: सगळं मान्य, पण मला स्कॉटलंडचा दुसरा कीपर जिम लेटनच वर वाटतो. देशाकडून लेटन ९१ मॅच, गोरम ४३. शिवाय १९९८ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर गोरम टीम सोडून निघून गेला, मग लेटननेच निभावलं ना. आणि युरो ९६ ला वेम्बलीवर इंग्लंडच्या गॅस्कॉइनने काय केलं ते विसरलात वाटतं?

गोलपोस्टमामा: लेटनचा मुद्दा बरोबर आहे, ९८ चं मला पण पटलं नव्हतं. पण गॅस्कॉइनच्या गोलवर गोरमला बोल लावणं म्हणजे कायच्या काय. आधी आपल्या स्कॉटलंडच्या मॅकअ‍ॅलिस्टरची पेनल्टी इंग्लंडचा कीपर सीमनने कोपराने अडवली, मिनिटभरात बॉल दुसऱ्या टोकाला, गॅस्कॉइनने स्कॉटलंडचा डिफेंडर हेंड्रीच्या डोक्यावरून उचलला आणि खाली पडायच्या आत मारला. तिथे कोण काय करणार. वर गॅस्कॉइन रेंजर्समध्ये गोरमचाच टीममेट.

आणि पूर्ण ग्रुप बघा ना, नेदरलँड्सशी ०-०, इंग्लंडकडून ०-२, स्वित्झर्लंडवर १-०. तीन मॅचमध्ये दोनच गोल खाल्ले. नेदरलँड्सचे पण ४ पॉइंट, गोल डिफरन्स पण सेम, फक्त त्यांनी गोल जास्त केले म्हणून ते पुढे गेले. शेवटच्या दिवशी इंग्लंड नेदरलँड्सविरुद्ध ४-० पुढे होतं तोपर्यंत स्कॉटलंड आत होतं, मग नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टने एक मारला, सीमनच्या पायांमधून, आणि खेळ खल्लास. म्हणजे स्कॉटलंड बाहेर गेलं ते दुसऱ्याच कीपरने खाल्लेल्या गोलमुळे.

डावखुरा११: बाप रे, हे माहीतच नव्हतं. आता काय करतो तो?

हाफटाइम_चहा: गेला रे, जुलै २०२२ मध्ये, कॅन्सरने. ५८ वर्षांचा होता. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने पण लोनवर (थोड्या दिवसांसाठी उसना) घेतला होता, वय ३७ च्या आसपास, दोन लीग मॅच खेळला. त्या पण बघ वेळ मिळाला तर, पण आधी लीड्सवाली.