ई-टाइप घ्यायची तर कोणती, आणि बघायला गेल्यावर नजर कुठे ठेवायची?

लांबनाक

नमस्कार मंडळी. जॅग्वार ई-टाइप घ्यायचं जवळजवळ पक्कं होतंय. गाडी इंग्लंडमध्येच घेणार आणि इथेच चालवणार, त्यामुळे भारतात आणायच्या भानगडीचा प्रश्न नाही. वापर फक्त उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी.

दिसायला सगळ्यात देखणी कोणती म्हणाल, कूपे (पक्क्या छताची) की रोडस्टर (उघडी, कापडी छताची)? सीरीज 1 आणि सीरीज 2 च्या किमतीत बराच फरक आहे. तो काय नुसत्या दिव्यांवरच्या काचेसाठी मोजायचा? दुसरं म्हणजे विकणारा प्रत्येक जण 'संपूर्ण रिस्टोअर केलेली' असंच म्हणतो. ते खरं की वरवरचा रंग, हे बघायला गेल्यावर अर्ध्या तासात कसं ओळखायचं? आणि घरून एक सूचना आली आहे की त्यापेक्षा नवी एफ-टाइप (जॅग्वारचीच अलीकडची स्पोर्ट्स कार) घे, तीही सुंदरच आहे. यावरही बोला.

तीन_वायपर

माझं मत सरळ आहे: सीरीज 1 ची दोन सीटांची कूपे. लोक रोडस्टरला जास्त पैसे देतात, देऊ देत. माल्कम सेयर मूळचे ब्रिस्टल कंपनीत विमानांचं काम करणारे. त्यांनी डी-टाइप या जॅग्वारच्या रेसिंग गाडीच्या अनुभवावरून या गाडीचे वळसे गणिताने मांडले. त्यावर कूपेचं छत बसवलं बॉब ब्लेक यांनी. विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून निघालेली रेषा कुठेही न अडखळता मागच्या बंपरपर्यंत उतरते. रोडस्टरमध्ये ती कमरेशीच तुटते, आणि कापडी छत वर असेल तर विचारूच नका.

फरक नुसत्या काचेचा नाही. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाला आलेली गाडी आणि 1968 च्या शेवटी आलेली सीरीज 2 शेजारी उभ्या करून बघा. सीरीज 2 मध्ये नाकाचं तोंड बरंच मोठं झालं, दिवे उघडे होऊन थोडे पुढे आले, बंपर जाड झाला आणि मागचे दिवे बंपरच्या वरून खाली गेले. सायलेन्सरच्या दोन नळ्या मधोमध जुळून यायच्या, त्या नंबरप्लेटसाठी फाकवल्या. यातलं बरंच काही अमेरिकेच्या नियमांपायी झालं. मधल्या काळातल्या, म्हणजे 1967 च्या शेवटापासूनच्या काही गाड्यांना दिवे उघडे पण बाकी अंग सीरीज 1 चं आहे. पैसे थोडे कमी असतील तर त्या बघा, मागून त्या पूर्ण सीरीज 1 च दिसतात.

अर्थात मोठ्या तोंडाचा उपयोगही आहे. सीरीज 2 ला दोन इलेक्ट्रिक पंखे आहेत, ब्रेक चांगले आहेत आणि ती ट्रॅफिकमध्ये कमी तापते. काचेमागचे दिवे अंधारात फारसे कामाचे नसतात, हेही खरं.

2+2 (मागे दोन छोट्या सीट असलेली कूपे) मात्र दिसण्यासाठी घेऊ नका. 1966 ला आलेली ही गाडी व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात) 9 इंच लांब, छताने उंच आणि विंडस्क्रीन जास्त उभी. सीरीज 3 ची व्ही-12 (1971 ते 1974) रोडस्टरसुद्धा याच लांब व्हीलबेसवर आहे. इंजिन लोण्यासारखं चालतं, पण चाकांच्या कमानी रुंदावल्या आणि पुढे जाळी आली. ती वेगळ्याच स्वभावाची गाडी.

इंजिन 3.8 लिटरचं की 4.2? चेहरा तोच. 1964 च्या शेवटी 4.2 आली तेव्हा पहिल्या गियरलाही सिंक्रोमेश (गियर न खरखरता पडण्याची सोय) मिळाला, ब्रेकचा सर्व्हो सुधारला, डायनामोऐवजी अल्टरनेटर आला, सीट बसण्यासारख्या झाल्या. 3.8 चा जुना गियरबॉक्स घाई चालवून घेत नाही. चालवायला घेणाऱ्याने 4.2 च घ्यावी.

पत्राकाम

अर्ध्या तासात ओळखता येतं. रंग बघू नका, फटी बघा.

आधी बांधणी लक्षात घ्या. मधला डबा स्टीलच्या पत्र्याचा. त्याच्या पुढच्या भिंतीला रेनॉल्ड्स 531 या मजबूत पोलादाच्या चौकोनी नळ्यांची फ्रेम बोल्टने जोडलेली, इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन तिच्यावर. बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं पुढचं अंग, नाकाशी बिजागऱ्या. ताकद सगळी दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांत), विशेषतः रोडस्टरमध्ये, कारण तिला छताचा आधारच नाही.

सिल आतून गंजतात. मधल्या डब्याला नीट आधार न देता जुने सिल कापले की डबा मधून खचतो, मग नवे सिल त्याच खचलेल्या अवस्थेत वेल्ड होतात. गाडी कायमची वाकडी. हे दिसतं कुठे? दाराच्या मागच्या फटीत. वर अरुंद, खाली रुंद अशी फट दिसली की समजायचं. नंतर दार उघडं ठेवून गाडी मागून जॅकवर थोडी उचलायला सांगा आणि दार लावून बघा. फट बदलली किंवा दार घासलं तर सिलमध्ये जीव नाही.

लोहचुंबक सगळेच नेतात, पण इथे एक मेख आहे. कारखान्यातच बऱ्याच सांध्यांवर शिसं भरून ते घासून सपाट केलेलं असे. त्यामुळे छत मागच्या अंगाला मिळतं तिथे चुंबक सुटला किंवा रंगाची जाडी मोजणारा मीटर चढला, तर लगेच पुट्टी म्हणू नका. पण दाराच्या मधोमध किंवा मागच्या चाकावरच्या कमानीच्या सपाट भागावर मीटर 100-150 मायक्रॉनऐवजी 600 च्या वर गेला, तर ती पुट्टीच.

मग गाडीखाली जा. रेडियस आर्म (मागचं सस्पेन्शन पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) जिथे गाडीच्या तळाच्या पत्र्याला बोल्टने धरलेले आहेत, त्या वाट्या नखाने नाही, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. तिथला पत्रा गेला तर मागचं सस्पेन्शन ब्रेक मारताना सरकतं. डिकीचा तळ, स्पेअर चाकाची खोबण, मागच्या कमानीच्या आतल्या कडा, हेही बघा.

पुढच्या फ्रेमच्या नळ्या पातळ आहेत आणि आतून गंजतात. बॅटरीखालच्या नळीवर ॲसिडचे थेंब पडतात, तिथला रंग उकलला आहे का बघा. सांधे ब्रेझिंगचे (नळी न वितळवता पितळेने जोडलेले) आहेत. कोणी तिथे नेहमीचं मिग वेल्डिंग फिरवलं असेल तर वेल्डच्या कडेला ही नळी ठिसूळ होऊन चिरते. अशी फ्रेम दुरुस्त करायची नसते, बदलायची असते. नव्या फ्रेम मिळतात, पण बसवायच्या तर इंजिन, सस्पेन्शन, बॉनेट सगळं उतरवावं लागतं.

बॉनेट शेवटी. ते अनेक तुकडे जोडून बनतं, आणि नवं आणून नीट बसवणं हे सगळ्या कामातलं सर्वात महागड्या कामांपैकी एक. बंद करून दोन्ही बाजूंनी खाली वाकून बघा: बॉनेटची खालची कड आणि सिलची रेषा एका सरळीत हवी, दाराशी फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. बिजागऱ्यांपाशी पातळ चकत्या घालून थोडं जुळवता येतं. एका बाजूला चकत्यांचा ढीग आणि दुसरीकडे एकही नाही, तर पुढून ठोकर खाल्लेली आहे.

ट्विनकॅम

पत्रा चांगला असेल तर इंजिनची भीती नको. एक्सके इंजिन (3.8 आणि 4.2 दोन्हींतलं सहा सिलिंडरचं) दणकट आहे, पण वेळ मागतं.

थंड इंजिन सुरू करा, आधीच तापवून ठेवलेलं नको. तापल्यावर 3000 आरपीएमला तेलाचा दाब 40 पीएसआयच्या आसपास हवा. डॅशबोर्डवरचा काटा विजेच्या सेन्सरवर चालतो आणि सर्रास खोटं बोलतो, म्हणून कमी दिसला तर मेकॅनिकल गेज लावून खात्री केल्याशिवाय घासाघीस करू नका आणि सोडूनही देऊ नका. तेल साधारण साडेआठ लिटर बसतं, 20डब्ल्यू-50.

पुढून खडखड आली तर वरची साखळी असेल, ती ताणता येते. खालच्या साखळीची असेल तर प्रत्यक्षात इंजिन बाहेर. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) हलका टकटकाट चालतो. उलट अगदीच आवाज नसेल तर व्हॉल्व्ह घट्ट बसलेले असू शकतात. फट इनटेकला 0.004 इंच आणि एक्झॉस्टला 0.006 इंच असते. ती स्क्रूने नाही, बकेटखालच्या (व्हॉल्व्हवरच्या वाटीखालच्या) शिमने, म्हणजे पातळ चकतीने जुळते, म्हणजे दर वेळी कॅमशाफ्ट उतरवायचे.

मागच्या क्रँक सीलमधून तेल गळणं हे जवळपास घरचंच. दोराचा सील आहे. चार थेंब चालतात, थारोळं नको. क्लच घसरतो का हे चढावर तिसऱ्या गियरला जोर देऊन बघा. क्लच बदलायचा तर इंजिन आणि गियरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात. पार्ट स्वस्त, मजुरी नाही. म्हणून जो कोणी इंजिन काढेल त्याच्याकडून क्लच, मागचा सील आणि खालची साखळी हे तिन्ही एकाच खेपेत करून घ्यायचं.

मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून डिफरन्शियलला चिकटून आत आहेत. डिफरन्शियलचे सील ब्रेकच्या उष्णतेने कडक होतात, तेल डिस्कवर येतं आणि ब्रेक एकीकडे ओढतो. टॉर्च मारून आत ओलं दिसतंय का बघा. काम करायचं तर अख्खा मागचा पिंजरा खाली घ्यावा लागतो: प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी, दोन रेडियस आर्म आणि रबरी माउंटिंग. कुशल माणसाला ते कठीण नाही, पण बिल दिवसांत येतं.

तारांची चाकं असतील तर ब्रेक दाबून ठेवून चाक पुढे-मागे हलवा. 'टक' झालं की हबचे दाते झिजले. चाक आणि हब दोन्ही बदला. नुसतं नवं चाक जुन्या हबवर बसवलं तर तेही झिजतं.

आणि पेट्रोल. 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई-10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे. जुन्या रबरी नळ्या त्यात नरम पडतात आणि तीन एसयू कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्ट नसला तरी इंजिनच्या कप्प्यात पेट्रोल टपकणं कुणालाच परवडणारं नाही. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या बसवा आणि जास्त ऑक्टेनचं ई-5 भरा.

लांबनाक

@पत्राकाम, @ट्विनकॅम, अशीच माहिती हवी होती. शिशाची गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. एक जोड प्रश्न: फोटोत काही गाड्या नाक वर करून उभ्या दिसतात, काही बसक्या. बरोबर कोणतं? आणि एफ-टाइपचं राहिलंच.

तीन_वायपर

नाक वर म्हणजे जुळणी चुकली. पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. त्यांच्या दोन टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते, त्यामुळे बार काढून थोडा फिरवून बसवला की उंची थोडी थोडी बदलता येते. इंजिन नसताना घाईत बसवले की गाडी होडीसारखी नाक वर करते. ठरलेल्या लांबीच्या पट्ट्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी लावून बार जुळवायचे, ही पद्धत कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये दिली आहे. टायरही मूळ मापाच्या जवळचे ठेवा: 5 इंची रिमवर 185 चे, उंच बगलेचे. रुंद रिम आणि चपटे टायर घातले की ती गाडी डोळ्याला खुपते.

कमी_वजन

एफ-टाइपबद्दल. नवी मिळणार नाही, 2024 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. वापरलेलीच घ्यावी लागेल. इयान कॅलम यांची ती उत्तम गाडी आहे, पण दोन्हींची तुलना करताना मापं बघा. लांबी जवळजवळ सारखीच, 4.45 आणि 4.47 मीटर. रुंदी मात्र ई-टाइप 1.66, एफ-टाइप 1.92. वजन सव्वाबाराशे किलोवरून सोळाशेच्या आसपास. कारण साधं आहे: दारातले बार, एअरबॅग, 18-20 इंची चाकं, आणि पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेट आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा लागते. म्हणून एफ-टाइपचं बॉनेट अपघातात स्फोटकाने वर उचललं जातं. सेयर यांना उंच इंजिन झाकायला बॉनेटवर फक्त एक फुगवटा द्यावा लागला होता. आजच्या डिझायनरला ती मुभा नाही.

घ्यायचीच असेल तर सुपरचार्जरखालचे प्लास्टिकचे कूलंट पाइप बदललेत का विचारा. ते ठिसूळ होऊन फुटतात आणि इंजिन तापतं.

माझ्या मते आजच्या गाड्यांत जुन्या मापाचं भान राखलं आहे ते अल्पीन ए-110 ने. 2017 ची, फ्रान्समधल्या डिएपच्या कारखान्यातली, 4.18 मीटर लांब, सुमारे 1100 किलो. जुन्या ए-110 ची नक्कल न करता तिचे चार दिवे आणि मागची उतरती काच नव्या अंगात बसवली आहे. अल्फा 33 स्ट्राडाले मिळाली तर कोणाला नको, पण स्कॅग्लिओने यांच्या 1967 च्या मूळ गाड्या बनल्याच 18. लाम्बोर्गिनी मिउरा तिच्याही आधीची आणि तेवढीच देखणी, पण वेगात पुढची टाकी रिकामी होत गेली की नाक हलकं पडतं. सौंदर्य आणि गाडी चालवणं यांचा हिशेब ई-टाइपमध्ये जास्त चांगला जुळतो, हे मान्य.

पत्राकाम

कागदपत्रांचं राहिलं. चासी नंबर पुढच्या फ्रेमवर, उजवीकडे शॉक ॲब्सॉर्बरच्या वर ठोकलेला असतो. बॉनेटखालच्या प्लेटवर तोच नंबर आणि शिवाय इंजिन, बॉडी, गियरबॉक्सचे नंबर. इंजिनच्या नंबरातला शेवटचा 8 किंवा 9 म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. प्लेट नवी मिळते, म्हणून प्लेटवर विसंबू नका, फ्रेमवरचा वाचा.

3.8 मध्ये उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर 850001 पासून, कूपे 860001 पासून. डाव्या स्टिअरिंगच्या अनुक्रमे 875001 आणि 885001 पासून. 4.2 च्या सीरीज 1 ला 1ई, सीरीज 2 ला 1आर. स्टिअरिंग उजवीकडे आणि नंबर 885 ने सुरू, तर मूळ डाव्या स्टिअरिंगची, बहुतेक अमेरिकेतून आणून बदललेली. त्यात वाईट काही नाही, कोरड्या हवेतल्या असतील तर पत्रा उलट चांगला असतो. फक्त मूळ उजव्या स्टिअरिंगची किंमत देऊ नका. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. त्यात मूळ नंबर, रंग आणि गाडी कुठे पाठवली होती ते असतं. फ्रेम बदललेली असेल तर नंबर नव्याने ठोकलेला असणार, त्याचं बिल आणि जुन्या फ्रेमचे फोटो मागा.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटीची (दरवर्षीच्या सरकारी तपासणीची) सक्ती नसते, म्हणून बरेच मालक करत नाहीत. तुम्ही पैसे देण्याआधी स्वतः करून घ्या. लिफ्टवर चढलेली गाडी खालून बघायला मिळते तेवढ्याच खर्चात.